दादाभाईंची सरासरी आणि बाबासाहेबांचा हिशेब

३० जून १९१७ रोजी दादाभाई नौरोजी मुंबईत वारले, तेव्हा ते ९१ वर्षांचे होते. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच, ऑगस्टमध्ये, २६ वर्षांचे भीमराव आंबेडकर मुंबईच्या बंदरात उतरले. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून लंडनमधला अभ्यास अर्धवट टाकून ते परतले होते. दोघांचा विषय अर्थशास्त्र, दोघांचं कॉलेज एल्फिन्स्टन, दोघांनीही आपलं म्हणणं लंडनला जाऊन मांडलं. तरीही या दोघांची नावं आपण क्वचितच एका वाक्यात घेतो. एक शाळेच्या पुस्तकात ‘भारताचे पितामह’ म्हणून बसले, दुसरे ‘घटनेचे शिल्पकार’ म्हणून. त्यामुळे दोघांच्या विचारांमधला धागा दिसेनासा झाला. तो धागा पैशाचा आहे. देशाची गरिबी मोजायची कशी आणि मोजल्यावर तिचं करायचं काय, या प्रश्नाचा.

वेगवेगळ्या काळातल्या नेत्यांची तुलना म्हटली की आपल्याकडे लगेच तराजू निघतो आणि कोण मोठा हे ठरवायची घाई होते. बाबासाहेबांनी स्वतः १९४३ साली पुण्यात रानड्यांवर भाषण करताना रानडे, गांधी आणि जिना यांची तुलना केली होती आणि त्याच भाषणात विभूतिपूजेविरुद्ध स्पष्ट इशारा दिला होता. मला त्यातून एवढंच घ्यावंसं वाटतं की तुलना माणसांची करण्याआधी त्यांच्यासमोरच्या प्रश्नांची करावी. दादाभाई जन्मले १८२५ साली, पेशवाई संपून जेमतेम सात वर्षं झाली होती. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटली तेव्हा ते २७ वर्षांचे होते. बाबासाहेब १९५६ साली गेले तेव्हा दुसरी पंचवार्षिक योजना सुरू झाली होती. एवढ्या अंतरावरच्या दोन माणसांनी एकाच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं, तर त्या फरकातून मधल्या काळाबद्दलही बरंच कळतं.

दोघांची बालपणं वरवर पाहता सारखी वाटतात. दादाभाई चार वर्षांचे असताना वडील गेले, आई माणेकबाईंनी त्यांना वाढवलं. घराणं पारशी धर्मगुरूंचं असलं तरी पैसा नव्हता. शाळेत फी पडत नव्हती म्हणूनच ते शिकू शकले, आणि लोकांच्या पैशावर आपण शिकलो ते लोकांना परत दिलं पाहिजे, ही जाणीव त्यांनी आयुष्यभर बाळगली. भीमराव पाच वर्षांचे असताना आई भीमाबाई गेल्या. वडील रामजी सुभेदार लष्करातून निवृत्त झालेले, मुलांच्या शिक्षणासाठी काहीही करायला तयार असलेले. साताऱ्याहून हे कुटुंब मुंबईत परळला आलं, चाळीतल्या खोलीत राहिलं आणि तिथे अभ्यास करून भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. पुढे बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली, तेव्हा कॉलेज पुरं झालं.

पण गरिबी आणि अस्पृश्यता या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि दोघांच्या तुलनेतला पहिला मोठा फरक इथेच आहे. दादाभाई गरीब होते, तरी कोणतंही दार त्यांच्यासाठी जन्मामुळे बंद नव्हतं. हुशारी दिसताच सर अर्स्किन पेरी या इंग्रज न्यायाधीशाने त्यांना कायदा शिकायला विलायतेला पाठवायची, अर्धा खर्च स्वतः द्यायची तयारी दाखवली. मुलगा ख्रिस्ती होईल या भीतीने समाजातल्या वडीलधाऱ्यांनी तो बेत मोडला. तरी ज्या कॉलेजात शिकले तिथेच दादाभाई गणित आणि भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्या जागी बसलेले ते पहिले भारतीय. त्या काळी मुंबईत विद्यापीठसुद्धा नव्हतं, ते १८५७ साली झालं. प्राध्यापक होण्याआधी, तिथे शिकवत असतानाच त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीतर्फे मुलींसाठी मराठी आणि गुजराती शाळा काढल्या. साल होतं १८४९. या कामात मराठी, गुजराती, पारशी सगळे एकत्र होते.

बाबासाहेबांची प्राध्यापकी सिडनॅम कॉलेजात झाली, १९१८ ते १९२०. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा प्राध्यापक, पण स्टाफसाठी ठेवलेल्या भांड्यातलं पाणी त्यांनी प्यावं याला काही सहकाऱ्यांचा आक्षेप होता. त्याच्या आदल्या वर्षीचा बडोद्याचा प्रसंग तर सर्वांना माहीत असायला हवा. शिष्यवृत्तीच्या करारानुसार ते बडोदा संस्थानात नोकरीला गेले आणि राहायला जागा मिळेना म्हणून पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून उतरले. काही दिवसांतच दहा-बारा माणसं काठ्या घेऊन दारात उभी राहिली आणि त्यांना बाहेर काढलं गेलं. बाबासाहेबांनी हे स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेवलं आहे. याच बडोद्यात १८७३-७४ च्या सुमारास दादाभाई दिवाण होते. या योगायोगाचा उल्लेख दादाभाईंना कमी लेखण्यासाठी केलेला नाही. एकाच संस्थानाने एका मुंबईकराला दिवाणाची गादी दिली आणि दुसऱ्याला रात्रीपुरतं छप्परही दिलं नाही, हे लक्षात ठेवलं की दोघांच्या अर्थशास्त्रातला फरक आपोआप उलगडू लागतो.

आता आकड्यांकडे येऊ.

दादाभाईंच्या आधी भारत गरीब आहे असं अनेक जण म्हणत होते. सरकार म्हणत होतं की असं काही नाही, रेल्वे आली, व्यापार वाढला, देश सुधारतोय. दादाभाईंनी सरकारी अहवालच उघडले. प्रांतवार पीक किती, त्याची किंमत किती, मीठ, अफू, कोळसा, कारागिरांचं उत्पादन किती, हे सगळं धरून त्यांनी बेरीज केली आणि लोकसंख्येने भागलं. उत्तर आलं माणशी वर्षाला २० रुपये. १८७६ साली त्यांनी मुंबईत वाचलेल्या निबंधात हा हिशेब सविस्तर मांडला. त्याला त्यांनी जोडलेली दुसरी गोष्ट आजही अंगावर येते. तुरुंगातल्या कैद्याच्या अन्नवस्त्रावर सरकार स्वतः किती खर्च करतं, तेही त्यांनी सरकारी कागदांतूनच काढलं. तो खर्च २० रुपयांहून जास्त निघाला. म्हणजे सामान्य माणसाच्या वाट्याला सरासरीने जे येत होतं, त्यात त्याचं जेलमधल्या कैद्याइतकंही भागत नव्हतं.

यावर सरकारला उत्तर द्यावं लागलं. १८८२ साली सरकारी अंदाज आला २७ रुपये, १९०१ साली लॉर्ड कर्झनने ३० रुपये सांगितले. आकडा चढवला, तरी वाद त्यांना दादाभाईंच्या मैदानावर येऊन घालावा लागला. राजकीय कामात आकड्याचा इतका मोठा उपयोग आपल्याकडे त्याआधी कुणी केला नव्हता.

मग ही गरिबी येते कुठून? दादाभाईंचं उत्तर म्हणजे ‘संपत्तीचं अपहरण’. भारतातल्या करातून इंग्रज अधिकाऱ्यांचे पगार आणि पेन्शनी, लंडनमधल्या भारत कार्यालयाचा खर्च, कर्जावरचं व्याज, लष्कराचा खर्च जायचा. यातला मोठा हिस्सा विलायतेला जायचा आणि त्याच्या बदल्यात भारतात काहीच यायचं नाही. देशातच राजा कर घेतो आणि देशातच उधळतो, तेव्हा पैसा निदान इथल्या सोनार, विणकर, शेतकऱ्याच्या हातात फिरतो. परदेशी राज्यात तो फिरत नाही, बाहेर पडतो. भांडवल साठत नाही, म्हणून धंदे उभे राहत नाहीत, म्हणून उत्पन्न वाढत नाही. १९०१ साली आलेल्या त्यांच्या मोठ्या ग्रंथाच्या नावात त्यांनी या राज्याला ‘अन-ब्रिटिश’ म्हटलं. ब्रिटिशांनी आपल्याच तत्त्वांना सोडलं आहे, त्यांना पुराव्यानिशी दाखवून दिलं तर ते सुधारतील, असा तेव्हा त्यांचा विश्वास होता. १९०६ च्या कलकत्ता काँग्रेसपर्यंत तो बराच ओसरला आणि अध्यक्षपदावरून त्यांनी स्वराज्याची मागणी केली.

दादाभाईंचा हा युक्तिवाद उभा राहायला एक गोष्ट आवश्यक होती. भारत हे एकच शरीर आहे आणि इंग्लंड हे दुसरं, असं धरावं लागत होतं. पार्लमेंटपुढे उभं राहून ‘आमच्यातही आपापसांत फार अंतर आहे’ असं सांगितलं असतं, तर समोरच्याने तेच हत्यार उलटवलं असतं. म्हणून सरासरी. वीस रुपये माणशी, मग तो माणूस परळचा गिरणीकामगार असो की मलबार हिलचा शेटजी. सरासरी त्यांना ठाऊक असलेलं सत्य झाकते, हे दादाभाईंना कळत होतं. वरच्या वर्गाला जास्त मिळतं, म्हणजे खालच्यांच्या वाट्याला २० पेक्षाही कमी येतं, हे त्यांनी नोंदवलंही. पण त्यांच्या लढ्याचं लक्ष्य ते नव्हतं.

बाबासाहेबांनी नेमका हा आकडा आतून उघडला. मार्च १९२७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात शिक्षणाच्या खर्चावर त्यांनी केलेलं भाषण वाचून पाहावं. सुरुवात दादाभाईंच्या पद्धतीनेच आहे. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करतं आणि दारूच्या अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करतं. इथवर सगळा इलाखा एकच धरलेला. पुढे मात्र ते लोकसंख्येची चार भागांत विभागणी करतात. प्राथमिक शाळेत दर हजारी किती मुलं? पुढारलेल्या हिंदूंची ११९, मुसलमानांची ९२, मधल्या जातींची ३८ आणि मागासवर्गाची १८. माध्यमिक शाळेत दर लाखामागे पुढारलेल्या हिंदूंची ३,०००, मुसलमानांची ५००, मधल्या जातींची १४० आणि मागासवर्गाची १४. इलाख्याचा सरासरी आकडा सांगितला असता, तर शिक्षण हळूहळू का होईना वाढतंय एवढंच दिसलं असतं. तीन हजार आणि चौदा शेजारी शेजारी ठेवले की शिक्षण कुणाचं वाढतंय हे दिसतं.

मला वाटतं, या दोन नेत्यांमधलं खरं नातं इथे आहे. दादाभाईंनी आधी देशाचा एक आकडा काढून दाखवला नसता, तर तो फोडण्याची भाषाही तयार झाली नसती. उलट बाबासाहेबांनी तो फोडला नसता, तर परक्यांचं राज्य गेल्यावर गरिबी आपोआप जाईल, हा समज अधिक काळ टिकला असता.

हाच फरक रुपयाच्या वादात सर्वांत स्पष्ट दिसतो. तो वाद किचकट आहे, म्हणून जरा सावकाश घेऊ.

फोर्टात रिझर्व्ह बँकेसमोर टाकसाळ आहे. १८९३ पर्यंत कुणीही चांदी घेऊन टाकसाळीत जाऊ शकत होता आणि तिचे रुपये पाडून घेऊ शकत होता. म्हणजे रुपयाची किंमत चांदीच्या किमतीवर ठरायची. इंग्लंडचा पौंड मात्र सोन्यावर होता. १८७० नंतर जगभर चांदी स्वस्त होत गेली, तसा रुपयाही घसरला. आधी एका रुपयाला सुमारे दोन शिलिंग मिळायचे, म्हणजे वीस शिलिंगांच्या एका पौंडाला दहा रुपये पडायचे. १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला रुपया सव्वा शिलिंगापर्यंत खाली आला. विलायतेला पाठवायची रक्कम पौंडात ठरलेली, त्यामुळे सरकारला तेवढ्याच पौंडांसाठी कितीतरी जास्त रुपये लागू लागले. त्यावर सरकारने उपाय केला: १८९३ साली टाकसाळी लोकांसाठी बंद केल्या. नवे रुपये कमी पाडले की रुपया दुर्मीळ होणार, दुर्मीळ झाला की महाग होणार. तसंच झालं आणि पुढे दर एक शिलिंग चार पेन्सवर, म्हणजे पौंडाला १५ रुपयांवर स्थिर केला.

दादाभाईंनी याला कडाडून विरोध केला. १८९८ साली चलनाच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीपुढे त्यांनी सांगितलं की ही छुपी करवाढ आहे. रयतेने शेतसारा रुपयांत भरायचा. रुपया मुद्दाम महाग केला, तर तेवढेच रुपये मिळवायला शेतकऱ्याला जास्त धान्य विकावं लागतं. कागदावर सारा तोच राहतो, शेतकऱ्याच्या कणगीतून मात्र जास्त जातं. शिवाय विलायतेचं देणं सोन्यात आहे ते आहेच. रुपयाचं नाव बदलल्याने ते हलकं होत नाही, कारण शेवटी ते मालाच्या रूपानेच फेडावं लागतं.

पंचवीस वर्षांनी बाबासाहेबांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या डीएस्सीसाठी याच रुपयावर प्रबंध लिहिला. तो १९२३ साली ग्रंथरूपाने आला. तोवर चित्र पालटलं होतं. टाकसाळीची दारं लोकांना बंद, पण सरकारला उघडी होती. सरकार हवे तेव्हा रुपये पाडू शकत होतं, आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात भाव भडकले. आता मुंबईतल्या गिरणीमालकांपासून निर्यातदारांपर्यंत अनेकांची मागणी होती की रुपया स्वस्त ठेवा. स्वस्त रुपया म्हणजे परदेशात आपला माल स्वस्त, खप जास्त. हा राष्ट्रीय हिताचा मुद्दा म्हणून मांडला जात होता.

बाबासाहेबांनी विचारलं, हा फायदा नेमका कुठून येतो? रुपया स्वस्त झाला की वस्तूंचे भाव चढतात, पण मजुरी त्या वेगाने चढत नाही. मालकाला मालाचे जास्त रुपये मिळतात आणि कामगाराला जुनाच पगार. म्हणजे देशाला बाहेरून काही मिळालं असं नाही, देशातल्याच एका वर्गाच्या खिशातून दुसऱ्याच्या खिशात गेलं. त्यांचा आग्रह होता की चलनाचा विचार करताना परदेशी पैशाच्या दरापेक्षा आपल्या बाजारातल्या भावाची स्थिरता महत्त्वाची, आणि ती सरकारच्या मर्जीवर सोडता कामा नये.

दोघांच्या भूमिका ऐकायला उलट वाटतात. एक म्हणतो रुपया महाग करू नका, दुसरा म्हणतो स्वस्त करू नका. मात्र डोळ्यांसमोर कोण आहे ते पाहा. दादाभाईंसमोर धान्य विकून सारा भरणारी रयत आहे, समोर सरकार आहे. बाबासाहेबांसमोर पगारावर धान्य विकत घेणारा मजूर आहे, समोर सरकार आहेच, शिवाय आपलाच शेटजी आहे. दादाभाई वाढले तेव्हा मुंबईत एकही कापडगिरणी नव्हती. बाबासाहेब ज्या परळमध्ये वाढले तिथे गिरण्यांच्या भोंग्यावर दिवस उगवायचा. शेतकरी विकतो, कामगार विकत घेतो. रुपयाची एकच हालचाल एकाला मारते आणि दुसऱ्याला तारते. या वादात दोघंही गरिबाच्याच बाजूने बोलले असं मी ठामपणे म्हणेन.

जाता जाता एक दुरुस्ती. बाबासाहेबांच्या या ग्रंथावरूनच रिझर्व्ह बँक बनली, असा मजकूर दरवर्षी १४ एप्रिलला मोबाइलवर फिरतो. बाबासाहेबांनी १९२५ साली चलनाची चौकशी करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली हे खरं, आणि त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, तिच्यातून पुढे १९३५ साली रिझर्व्ह बँक उभी राहिली, हेही खरं. पण त्यांची स्वतःची योजना वेगळी होती: रुपये पाडणं सरकारसाठीसुद्धा कायमचं बंद करा, सोन्याच्या नाण्यांची टाकसाळ उघडा आणि दोहोंचं प्रमाण ठरवून टाका. सरकारच्या हातात नोटा-नाण्यांची कळ नको, हा तिचा गाभा. ही मूळ कल्पना इतकी धाडसी आहे की तिला दुसऱ्या संस्थेच्या जन्माचं श्रेय चिकटवायची गरजच नाही.

राहिला मताचा प्रश्न. दादाभाई १८९२ साली लंडनच्या सेंट्रल फिन्सबरीतून लिबरल पक्षाचे खासदार झाले. मतांची आघाडी इतकी थोडी होती की लोक त्यांना गमतीने ‘नॅरो मेजॉरिटी’, म्हणजे निसटतं बहुमत, म्हणू लागले. त्यांच्या आडनावाशी ते जुळतही होतं. चार वर्षांपूर्वी पंतप्रधान सॉल्झबरी यांनी इंग्लंडचे मतदार ‘काळ्या माणसाला’ निवडून देणार नाहीत अशा अर्थाचं वक्तव्य केलं होतं, ते खोटं ठरलं. पण त्यांना मत देणारे लंडनचे होते. ज्यांच्या वतीने ते बोलत होते, त्या भारतातल्या एकालाही त्यांना मत देता येत नव्हतं. १८९३ साली सनदी परीक्षा लंडनबरोबरच भारतातही घ्यावी, असा ठराव कॉमन्स सभेत मंजूर झाला आणि सरकारने तो अमलात आणलाच नाही. लोकांचा दाब मागे नसला की ठरावाचं काय होतं, ते यातून दिसलं.

बाबासाहेबांनी हा धडा पक्का ओळखला होता. १९१९ साली मताधिकाराची चौकशी करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली, आणि १९३० च्या गोलमेज परिषदेत सांगितलं की राजकीय सत्ता आमच्या हातात आल्याशिवाय आमची दुःखं दुसरं कुणी दूर करणार नाही. हे त्यांनी इंग्रजांनाही सुनावलं. इंग्रज येण्यापूर्वी आम्हाला विहिरीवर पाणी भरता येत नव्हतं, आजही येत नाही, मग या राज्याने आमच्यासाठी केलं काय? दादाभाईंनी राज्यकर्त्यांकडे देशाचा हिशेब मागितला होता, बाबासाहेबांनी त्यांच्याकडेही आणि आपल्याच समाजाकडेही मागितला.

घटना झाली आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला मत मिळालं. गिरणगावातल्या झाडूवाल्या बाईच्या आणि गिरणीमालकाच्या मताची किंमत सारखी झाली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत बाबासाहेब स्वतः उत्तर मुंबईतून लोकसभेला उभे राहिले आणि काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे चौदा हजार मतांनी पडले. ज्या मताधिकारासाठी ते तीस वर्षं झगडले, त्यानेच त्यांना नाकारलं, याचं वाईट आजही वाटतं. त्याच वर्षी ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले आणि १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा लोकांसमोर मत मागायला उभे राहिले. तिथेही ते हरले, तरी राज्यसभेतलं त्यांचं काम शेवटपर्यंत चालू राहिलं.